‘फिक्स्ड’ : बसवली, बेतली की बनवली?

ओळअनुओळ
इराक युद्धावरच्या एका मोठ्या लेखाचं भाषांतर करतेय आणि एका क्रियापदापाशी अडकले आहे. २३ जुलै २००२ ला डाउनिंग स्ट्रीटवर, ब्रिटिश पंतप्रधानांच्या कार्यालयात, एक बैठक झाली. तिचं गुप्त टिपण मे २००५ मध्ये लंडनच्या एका वृत्तपत्राने छापलं. ब्रिटिश गुप्तचर प्रमुख रिचर्ड डिअरलव्ह तेव्हा नुकतेच वॉशिंग्टनहून परतले होते. त्यांनी सांगितलेलं टिपणात असं नोंदलंय: अमेरिकी अध्यक्ष बुश यांना लष्करी कारवाईने सद्दामला हटवायचं आहे, त्याचं समर्थन दहशतवाद आणि महासंहारक अस्त्रं यांची सांगड घालून व्हायचं आहे, पण इंटेलिजन्स आणि फॅक्ट्स हे धोरणाभोवती ‘फिक्स’ केले जात होते.

मी लिहिलं, ‘धोरणाला हवी तशी बनवली जात होती’. संपादकांनी ते खोडून ‘धोरणाशी जुळवली जात होती’ केलं. त्यांचं म्हणणं असं की ब्रिटिश माणूस ‘फिक्स’ म्हणतो तेव्हा फळी भिंतीला पक्की करणं एवढाच अर्थ असतो, लबाडीचा अर्थ आपण ‘मॅच फिक्सिंग’मुळे घुसडतो. हा वाद इंग्रजीतही झालाय हे मला ठाऊक आहे. पण मराठीत मला एकच क्रियापद लिहायचंय, आणि त्यावर कोणाला दोषी धरायचं ते ठरतं. काय लिहू?

डेस्कवरचा
‘बसवली’ लिहा. फरशी बसवतात, गाणं चालीत बसवतात, नाटकही बसवतात. भिंतीतली फळी आणि रंगमंचावरचा बनाव, दोन्ही या एका शब्दात आहेत. वाचक त्याला जो अर्थ वाटेल तो घेईल. मूळ वाक्यात संदिग्धता असेल तर ती दूर करायचा अधिकार भाषांतरकाराला कोणी दिला?

जुनी_दौत
ताई, ‘बेतली’ हा खरा शब्द. कापड बेततात ते अंगाच्या मापाने. माप आधी, कात्री नंतर. इथेही युद्धाचा बेत आधी झाला आणि माहिती त्यावर बेतली. बेत आणि बेतणे हे एकाच घरातले, आणि पुढे ते लाखो लोकांच्या जिवावर बेतलं. एवढं सगळं एका धातूत मिळत असताना ‘बसवली’ कशाला?

व्याकरणवेडी
काका, शब्द सुंदर आहे पण आता त्याचा अर्थ फिरला आहे. ‘कादंबरीवर बेतलेला चित्रपट’ वाचून वाढलेल्या पिढीला बेतलेला म्हणजे ‘आधारलेला’. ‘धोरणावर बेतलेली माहिती’ हे वाक्य ती पिढी घाईत उलटं वाचेल, म्हणजे धोरण माहितीवर आधारलेलं होतं असंच. जे खोडायचं तेच मनात राहील.

जुनी_दौत
पिढी चुकीचं वाचते म्हणून शब्द टाकून द्यायचा का? असं करत गेलो तर दहा वर्षांनी आपल्याकडे ‘केलं’ आणि ‘झालं’ एवढीच क्रियापदं उरतील.

तळटीप
संपादकांच्या ‘ब्रिटिश अर्था’ला एक उत्तर आहे. ७ जून २००५ ला व्हाइट हाउसमध्ये बुश आणि ब्रिटिश पंतप्रधान ब्लेअर यांची एकत्र पत्रकार परिषद झाली, तिथे या टिपणाबद्दल विचारलं गेलं. ब्लेअर म्हणाले की फॅक्ट्स कुठल्याही प्रकारे ‘फिक्स’ केले जात नव्हते. ब्लेअर ब्रिटिशच. ‘फिक्स’चा अर्थ नुसता पक्कं करणं असता तर इतक्या तातडीने नाकारायचं काय कारण? ज्याच्यावर बालंट आलं त्याने शब्दाचा जो अर्थ धरला तोच धरावा. माझं मत ‘बनवली’ला.

डेस्कवरचा
ब्लेअर यांनी प्रश्नाला उत्तर दिलं, आणि प्रश्नकर्त्याच्या मनातला अर्थ लबाडीचा होता. टिपण लिहिणाऱ्या सचिवाच्या मनात काय होतं ते त्यातून सिद्ध होत नाही.

भाषाव्रती
आपण सगळे क्रियापदावर भांडताय आणि कर्त्याकडे कोणाचं लक्ष नाही. ‘इंटेलिजन्स’ला मूळ पोस्टमध्ये मराठी शब्दच नाही! ‘गुप्तवार्ता’ हा रुळलेला शासकीय शब्द आहे. तो वापरायला लाज का वाटावी?

ओळअनुओळ
लाज नाही वाटत हो. पण ‘गुप्तवार्ता’ म्हटलं की कार्यालयाच्या दारावरची पाटी डोळ्यांसमोर येते. शिवाय त्या टिपणात ‘इंटेलिजन्स’ आणि ‘फॅक्ट्स’ वेगळे मांडलेत, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. ‘गुप्त माहिती’ लिहिलं की माहिती हा शब्दच खरेपणाची हमी देतो. खोटी माहिती म्हणता येतं, पण नुसतं ‘माहिती’ म्हटलं की वाचक ते खरं धरूनच चालतो.

जुनी_दौत
मग ‘बातमी’ घ्या. जुन्या कागदांत शत्रूची बातमी राखणं म्हणजे हेरगिरीच. बातमीदार म्हणजे वार्ताहर नव्हे, छावणीत शिरून खबर आणणारा. त्या बातमीत खरं-खोटं दोन्ही असतं आणि ऐकणाऱ्याने ते पारखायचं असतं. वार्ता, त्यावरून बात, त्यावरून बातमी, असा सरळ वंश आहे.

व्याकरणवेडी
वंश इतका सरळ नाही. हिंदीत ‘वार्ता’चं ‘बात’ झालं, बरोबर. पण मराठी शब्दाच्या सुरुवातीचा ‘व’ सहसा सोडत नाही. तिकडे बीस, इकडे वीस; तिकडे बाट, इकडे वाट. मराठीनेच घडवला असता तर ‘वात’सारखं काही मिळालं असतं. आणि शेवटचा ‘मी’ कुठून आला?

भाषाव्रती
म्हणजे तो परकीय. म्हणूनच म्हणतो, गुप्तवार्ता. छत्रपतींनी राज्यव्यवहारकोश करवून घेतला तो याचसाठी.

डेस्कवरचा
आणि त्या कोशानंतरही दप्तरातल्या पत्रांत जासूद जोड्यांनी धावतच राहिले. तो अरबी ‘जासूस’, म्हणजे हेर. आपल्याकडे येऊन निरोप्या झाला. वापरणाऱ्यांनी अर्थ बदलला आणि शब्द आपला केला. कोशाने भाषा ठरत नाही.

आता मूळ विषयातलं एक सांगतो. २००३ च्या जानेवारीत मी वृत्तपत्राच्या डेस्कवर होतो. २८ तारखेच्या बुश यांच्या भाषणाची वृत्तसंस्थेकडून आलेली कॉपी माझ्याकडे भाषांतराला आली. त्यात ते प्रसिद्ध वाक्य होतं: सद्दामने अलीकडे आफ्रिकेतून मोठ्या प्रमाणावर युरेनियम मिळवण्याचा प्रयत्न केला, असं ब्रिटिश सरकारला ‘लर्न’ झालं आहे. मी लिहिलं, ‘ब्रिटिश सरकारला कळले आहे’. मुख्य उपसंपादकांनी ते कापून ‘ब्रिटिश सरकारचे म्हणणे आहे’ केलं. त्यांचं तर्कशास्त्र पक्कं होतं: खोटी गोष्ट ‘कळत’ नाही, खोटी गोष्ट ‘वाटते’ किंवा ‘सांगितली जाते’. आपण ‘कळले’ छापलं की ती गोष्ट खरी आहे अशी साक्ष आपण दिली.

मी तेव्हाही वाद घातला होता आणि आजही घालेन. साक्ष बुश यांनी दिली होती. ‘समजले’, ‘कळले’ हे शब्द त्यांच्या तोंडी तसेच राहायला हवेत, नाहीतर त्यांनी केवढी जबाबदारी अंगावर घेतली होती ते मराठी वाचकाला कधीच दिसणार नाही. ७ मार्चला अणुऊर्जा संस्थेचे एल बरादेई यांनी सुरक्षा परिषदेत सांगितलं की नायजर या आफ्रिकी देशाकडून युरेनियम घेण्याबद्दलची कागदपत्रं अस्सल नाहीत. जुलैत सीआयएचे प्रमुख टेनेट यांनीही मान्य केलं की ते वाक्य भाषणात असायला नको होतं. ‘म्हणणे आहे’ छापणाऱ्या वर्तमानपत्राच्या वाचकाला प्रश्न पडला असेल, यात मागे घेण्यासारखं काय होतं?

तळटीप
हे फार मोलाचं आहे. आणि मला वाटतं मराठीत या सगळ्या प्रकरणाची नस एका क्रियापदाच्या दोन रूपांत आहे: ‘असावीत’ आणि ‘आहेत’. ऑक्टोबर २००२ च्या अमेरिकी गुप्तचर यंत्रणांच्या इराकवरच्या गुप्त अहवालात वाक्यांची सुरुवात ‘आमच्या मते’, ‘आमचा निष्कर्ष असा’ अशी होती. त्याच महिन्यात लोकांसाठी जी आवृत्ती काढली तीतून हे शब्द ठिकठिकाणी गळाले. सिनेटच्या समितीने जुलै २००४ च्या अहवालात हे नेमकं नोंदवलं. म्हणजे गुप्त कागदावर ‘उत्पादन पुन्हा सुरू झाले असावे’ आणि जाहीर कागदावर ‘सुरू झाले आहे’. ॲल्युमिनियमच्या नळ्या अणुकार्यक्रमासाठी नाहीत असं परराष्ट्र खात्याच्या गुप्तचर विभागाने आणि ऊर्जा खात्याने स्पष्ट म्हटलं होतं. जाहीर आवृत्तीत ते नुसते ‘काही तज्ज्ञ’ झाले.

आपल्याकडे तर ‘म्हणे’ हा एवढासा शब्द आहे. ‘इराककडे अस्त्रे आहेत म्हणे.’ इतकं म्हटलं की बोलणारा हमीतून मोकळा होतो आणि ऐकणारा सावध होतो. फेब्रुवारी २००३ मध्ये अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री पॉवेल सुरक्षा परिषदेत म्हणाले की ही नुसती विधाने नाहीत, भक्कम गुप्तवार्तेवर आधारलेली तथ्ये आणि निष्कर्ष आहेत. जैविक अस्त्रांच्या फिरत्या प्रयोगशाळांची त्यांनी दाखवलेली चित्रं काढून घेतलेली होती, छायाचित्रं नव्हती. आणि त्यांचा मुख्य आधार होता जर्मनीत आश्रय घेतलेल्या एका इराकी अभियंत्याचं कथन. २०११ मध्ये त्यानेच सांगितलं की ते रचलेलं होतं. त्या भाषणात एकाही वाक्याला ‘म्हणे’ नव्हतं.

भाषाव्रती
‘भक्कम’ लिहिलंत याबद्दल आभार. हल्ली सगळीकडे हिंदीतला ‘ठोस’ वाचावा लागतो. पण मूळ पोस्टमधलं ‘महासंहारक अस्त्रं’ मला पटत नाही. अस्त्र म्हणजे फेकायचं, शस्त्र म्हणजे हातात धरायचं. रासायनिक साठा पिंपात पडून असेल तर तो यातला कोणता?

व्याकरणवेडी
तो भेद पुराणातला. आज ‘शस्त्रास्त्र’ असा जोडशब्द करून आपण तो कधीच मिटवला आहे.

तळटीप
मिटवला ते बरं झालं असं नाही. इराकच्या अस्त्रांवरच्या, २४ सप्टेंबर २००२ च्या ब्रिटिश सरकारी दस्तऐवजातला ४५ मिनिटांचा दावा आठवा: आदेश मिळाल्यापासून ४५ मिनिटांत इराक रासायनिक-जैविक अस्त्रं वापरू शकतो. मूळ बातमी रणांगणावरच्या कमी पल्ल्याच्या दारूगोळ्याची होती. दस्तऐवजात ते लिहिलं नाही. वृत्तपत्रांनी ते सायप्रसमधल्या ब्रिटिश तळांपर्यंत पोहोचणारं क्षेपणास्त्र करून छापलं. मार्च २००३ मध्ये ब्रिटिश संसदेत युद्धावर मतदान झालं त्या वेळी हा फरक आपल्याला माहीत नव्हता, असं ब्लेअर यांनी २००४ मध्ये संसदेत सांगितलं. पल्ला सांगणारा एक शब्द हवा होता, तो नव्हता.

करडी_शाई
वाचतेय केव्हापासून. त्या दस्तऐवजाबद्दल बीबीसीच्या बातमीत आलेलं ‘सेक्स्ड अप’ मराठीत ‘तिखटमीठ लावलं’ असं सहज बसतं. इतकी तंतोतंत जुळणी क्वचित मिळते.

ओळअनुओळ
अर्थाने जुळते, पण मी ती वापरणार नाही. त्या बातमीचा स्रोत म्हणून ब्रिटिश शस्त्रतज्ज्ञ डेव्हिड केली यांचं नाव बाहेर आलं आणि जुलै २००३ मध्ये तो शास्त्रज्ञ मरण पावला. त्या पानावर ‘तिखटमीठ’ लिहायला माझा हात धजत नाही. ‘भडक केला’ असं लिहिलंय.

तळटीप
इथे तर न्यायाधीशांनीच शब्दचर्चा केली आहे. केली यांच्या मृत्यूची चौकशी करणाऱ्या लॉर्ड हटन यांनी जानेवारी २००४ च्या अहवालात लिहिलं की हा बोलीतला शब्द असून त्याचा अर्थ स्पष्ट नाही. खोटी किंवा अविश्वसनीय माहिती घालून सजवला असा अर्थ घेतला तर आरोप निराधार. हाती असलेल्या माहितीत मावेल तितका जोरकस लिहिला असा अर्थ घेतला, तर तो तसा केला होता असं म्हणता येईल. आरोप करणाऱ्याचा अर्थ पहिला, असं धरून बीबीसी दोषी ठरली. अध्यक्ष आणि महासंचालक दोघांनी पद सोडलं. ‘भडक’मध्ये फक्त दुसरा अर्थ येतो, ताई. ‘तिखटमीठ’मध्ये दोन्ही येतात.

करडी_शाई
आणि ब्रिटिश सरकारच्या गुप्तचर समितीने मार्च २००२ मध्ये म्हटलं होतं की हाती आलेली माहिती तुटक आणि विखुरलेली आहे. ब्लेअर यांनी त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये संसदेत मात्र ती ‘विस्तृत, तपशीलवार आणि अधिकृत’ म्हणून मांडली. या दोन वाक्यांमधल्या अंतराला मराठीत काय म्हणायचं? इराक युद्धाची ब्रिटनमध्ये चौकशी करणाऱ्या चिलकॉट यांनी २०१६ मध्ये म्हटलं की जी खात्री दाखवली गेली ती समर्थनीय नव्हती. मला यासाठी ‘कंडी पिकवणं’ योग्य वाटतं.

जुनी_दौत
कंडी पिकवतात ती पूर्ण निराधार. इथे कणभर आधार होता आणि त्याचा मण केला. तो ‘बेतला’. माझा शब्द मी सोडणार नाही.

ओळअनुओळ
‘फिक्स’चं अजून ठरलेलं नाही, तोवर एक विचारते. डेव्हिड के यांनी इराकमधल्या अस्त्रांच्या अमेरिकी शोधमोहिमेचं प्रमुखपद सोडल्यावर २८ जानेवारी २००४ ला सिनेटच्या समितीपुढे सांगितलं की जवळजवळ सगळेच चुकलो, मीही त्यात आलो. इंग्रजीत ‘वी’. ‘आम्ही सगळे’ लिहू की ‘आपण सगळे’?

डेस्कवरचा
‘आपण’. समोर सिनेटर बसले होते. ऑक्टोबर २००२ मध्ये सिनेटने युद्धाची परवानगी ७७ विरुद्ध २३ मतांनी दिली होती. के त्यांनाही सामील करून घेत होते.

व्याकरणवेडी
‘आम्ही’. त्याच समितीत कार्ल लेव्हिन आणि एडवर्ड केनेडी होते, दोघांनीही विरोधात मत दिलं होतं. युद्धाआधी संयुक्त राष्ट्रांचे ब्लिक्स यांच्या हाताखालचे शस्त्र-निरीक्षक आणखी वेळ मागत होते. परराष्ट्र खात्यातल्या त्या विभागाने आपली असहमती लेखी नोंदवली होती. ‘आपण’ लिहिलंत तर या सगळ्यांना, आणि वाचकालाही, त्या चुकीत ओढलंत.

डेस्कवरचा
पण के यांनी त्याला लागूनच केनेडींचं नाव घेतलं होतं. केनेडींना त्या ‘वी’मधून वगळायचं नव्हतंच त्यांना.

व्याकरणवेडी
मग प्रश्न हा की के यांना काय म्हणायचं होतं ते लिहायचं, की जे खरं होतं ते?