पुरानंतर पंपावर काय हवं: वाढीव भाव की ठरवून वाटप?

माहीमचा_वारा
धाग्याला निमित्त घरातला वाद. भाचा अर्थशास्त्र शिकतो. त्याचं म्हणणं, आपत्तीत इंधन कमी पडलं की भाव वाढू द्यायचा, रांग आपोआप आटते. मी म्हटलं, मुंबईत हे करून बघ, आटेल ती फक्त रिक्षावाल्याची कमाई.

आपल्याकडे पूर येवो नाहीतर वादळ, पंपावरचा दर त्या पाण्याबरोबर चढत नाही. तो तेल कंपन्या ठरवतात, जून २०१७ पासून रोजच्या रोज. पंपमालकाला ठरलेलं कमिशन. त्यामुळे टंचाई झाली तर ती बोर्डावरच्या आकड्यात दिसत नाही, रांगेत दिसते. आणि रांग सगळ्यांना सारखी महाग पडत नाही. पगारी माणसाची फार तर अर्ध्या दिवसाची रजा जाते. रिक्षावाल्याचा धंदा जातो, वर गाडीमालकाला शिफ्टचे पैसे द्यायचे ते द्यावेच लागतात.

नोव्हेंबर २०२५ मध्ये ना पाऊस ना वादळ. वडाळ्याच्या सिटी गेट स्टेशनकडे (शहराचा गॅस जिथून आत येतो तिकडे) येणारी मुख्य गॅसवाहिनी दुखावली, एवढंच. लगेच सीएनजी पंपांवर रस्ताभर रांगा. हेच २६ जुलैसारख्या दिवशी झालं तर? २००५ साली सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला हे सगळ्यांना पाठ आहे. दुसऱ्याच दिवशी, २७ जुलैला, मुंबई हाय या समुद्रातल्या तेलक्षेत्रावरचा एक मोठा तेलफलाट जळून गेला, २२ माणसं गेली, हे मात्र पुराच्या बातम्यांत बुडालं. महिन्याभरात तिकडे अमेरिकेत कतरिना आलं, मेक्सिकोच्या आखातातलं तेल बंद पडलं, आणि सप्टेंबरात आपल्याकडेही पेट्रोल-डिझेल महागलं.

माझं मत: दर आहे तोच राहू द्या, पण वाटप आधी ठरवा. दुचाकीला किती, चारचाकीला किती, कुठला पंप फक्त रुग्णवाहिका, पाण्याचे टँकर आणि दूधगाड्यांसाठी, कुठे रिक्षा-टॅक्सी. जिल्हाधिकाऱ्यांनी हे मे महिन्यातच जाहीर करावं, नालेसफाईच्या फोटोंबरोबर. गुडघाभर पाण्यात उभं राहून नियम वाचायला कुणाला वेळ नसतो.

मतं मांडा. राजकारण नको (येणारच म्हणा).

अर्थशून्य
साफ असहमत. भाच्याला माझा नमस्कार सांगा.

दर बांधून ठेवला म्हणून टंचाई बांधली जात नाही. ज्याची टाकी पाऊण भरलेली असते तोही "असू दे" म्हणून फुल करून जातो. १ आणि २ जानेवारी २०२४ आठवा. हिट अँड रनच्या नव्या कायद्यावरून ट्रक-टँकर चालकांचा संप होता. इंधन संपलं नव्हतं, संपणार अशी आवई होती. आमच्या पंपाबाहेर रात्री अकराला स्कूटरवाल्यांची हाणामारी व्हायची बाकी होती. त्या रात्रीपुरतं पेट्रोल पंधरा रुपयांनी महाग असतं, तर ज्यांना सकाळी खरंच कुठे जायचं नव्हतं ते घरी जाऊन झोपले असते.

ठरवून वाटप म्हणाल, तर रेशनचं निळं रॉकेल आपण पिढ्यान्‌पिढ्या पाहिलं. स्वस्त रॉकेल आणि महाग डिझेल शेजारी ठेवलं की मधल्या फटीत कोण शिरतं? मनमाडजवळ जानेवारी २०११ मध्ये अप्पर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांना भेसळवाल्यांनी दिवसाढवळ्या जिवंत जाळलं. कुपन, यादी, प्राधान्य... प्रत्येक शब्दाच्या मागे एक दलाल उभा असतो.

आणि भाव चढला की बाहेरून माल येतो, हेही विसरू नका.

डिप_रॉड
वीस-बावीस वर्षं पूर्व उपनगरात पंप चालवतोय. दोघंही पंप म्हणजे नळ असल्यासारखं बोलताय.

पाणी ओसरल्यावर आम्ही आधी विकत नाही, आधी मोजतो. पितळी डिप रॉडच्या टोकाला वॉटर पेस्ट लावायची, रॉड टाकीच्या तळापर्यंत सोडायचा, वर काढायचा. जिथपर्यंत पेस्टचा रंग बदलला तिथपर्यंत पाणी. पूर्वी पाणी तळाशी बसायचं, उपसून टाकलं की वरचं पेट्रोल चालायचं. आता २० टक्के इथेनॉल आहे. पाणी शिरलं की इथेनॉल त्याला धरून खाली बसतं, म्हणजे वर उरलेलं पेट्रोलही पहिल्यासारखं राहत नाही. मग टाकी बंद, कंपनीला कळवा, माणूस यायची वाट बघा. तोवर बाहेर लोक ओरडत असतात, "माल दडवून ठेवलाय".

अर्थशून्य, बाहेरून माल येतो म्हणता? अहो, बीपीसीएल आणि एचपीसीएल, दोघांच्या रिफायनऱ्या माहूलला आहेत. मुंबईचंच इंधन नळीने मनमाडकडे जातं. माल आपल्या उशाशी आहे, नडतो तो मधला रस्ता. टँकर सायनला पाण्यात अडकला तर दर दोनशे केला तरी माझ्या टाकीत थेंब यायचा नाही. वीज गेली आणि जनरेटर भिजला तर टाकी भरलेली असून पंप बंद.

दर आम्ही आमच्या मनाने वाढवू शकत नाही, वाढवला तर डीलरशिप गेलीच म्हणून समजा. पण माहीमकर, तुमच्या "दुचाकीला इतकं" वाल्या नियमाचंही सांगतो. नियम कलेक्टरांचा असतो, कॉलर नोझलवरच्या पोराची धरली जाते. त्याच्याशेजारी एक हवालदार उभा करणार असाल तर पुढे बोलू.

बिल्ला_नंबर
मी रिक्षा चालवतो, कुर्ला-अंधेरी. तुम्ही सगळे पेट्रोलवर भांडताय, आमची गाडी गॅसवर आहे.

नोव्हेंबरात पहाटे नंबर लावला होता. उन्हं चढली तेव्हा नंबर आला तर पंपवाला म्हणतो, प्रेशर नाय. प्रेशर पडलं की टाकी भरतच नाही. काटा अर्ध्यावर येतो आणि थांबतो. पैसे तेवढ्याच गॅसचे घेतात, ते बरोबर आहे, पण दुपारी परत रांगेत. दिवसातून दोनदा रांग लावायची आणि मधल्या वेळेत भाडं मारायचं. घरी काय न्यायचं मग?

दर वाढवा म्हणणाऱ्यांना विचारतो, मीटर कोण वाढवणार? पहिल्या टप्प्याचे २३ चे २६ झाले फेब्रुवारी २०२५ ला. त्याच्या आधीची वाढ ऑक्टोबर २०२२ ची. गॅस एका रात्रीत वाढेल, मीटर दोन वर्षांनी. पाऊस पडला की ॲपवाला भाडं वाढवतो, त्याला मागणी म्हणतात. मी वीस रुपये जास्त मागितले तर मी मुजोर.

अर्थशून्य
@बिल्ला_नंबर, तुम्ही माझ्याच बाजूचं बोलताय दादा. मीटरसुद्धा मोकळं करा. दर एकाच टोकाला सुटला आणि दुसऱ्या टोकाला बांधलेला राहिला तर मधला माणूस चिरडणारच.

@डिप_रॉड, रस्त्याचा मुद्दा मान्य. माल पोचत नाही तिथे दराचा उपयोग नाही. पण जो माल पंपात पोचलाय तो कुणाच्या टाकीत जावा, हा प्रश्न उरतोच. तिथे दर काम करतो.

वर्सोवेकरीण
दोन दर शेजारी ठेवले की काय होतं ते आम्ही भोगलंय, भाऊ. मार्च २०२२. मुंबईत घाऊक डिझेल १२२ रुपये आणि पंपावर ९४. आमच्या मच्छीमार सोसायट्या घाऊक गिऱ्हाइकांत धरल्या. बोटीला एका फेरीला किती डिझेल लागतं ते कुणाला माहीत नसेल तर एकदा बंदरावर या. एसटीच्या गाड्यासुद्धा तेव्हा साध्या पंपावर रांगेत जाऊन उभ्या राहिल्या. मोठा गिऱ्हाईक असा स्वस्त दाराने घुसला की लहान्याच्या वाट्याला काय उरतं? डिझेलचा परतावा सरकारकडून मिळतो म्हणतात. मिळतो, पुढच्या हंगामात.

तौक्ते वादळ आलं १७ मे २०२१ ला. बोटी आपटल्या, जाळी गेली. बोट दुरुस्त करायला यारीवाला (क्रेनवाला) आला तो म्हणाला, डिझेल महाग झालंय, जास्त लागतील. तेव्हा कुठे गेला होता तुमचा दर-शास्त्रवाला?

माहीमचा_वारा
ताई, तौक्तेनंतर बाराव्या दिवशी, २९ मेला, मुंबईत पेट्रोल शंभरीपार गेलं. आमच्या सोसायटीत सगळे म्हणत होते, "वादळामुळे". वादळाचा त्यात काही हात नव्हता. निवडणुकांचे निकाल २ मेला लागले आणि ४ मेपासून दर चढायला लागले होते. राजकारण नको म्हटलं होतं, मीच आणलं. असो.

सांगलीकर_मुक्काम_डोंबिवली
आपत्तीच्या नावाने दर वाढत नाही असं कोण म्हणालं? ऑक्टोबर २०१५ ला दुष्काळासाठी म्हणून राज्यात पेट्रोल-डिझेलवर लिटरमागे २ रुपये अधिभार बसला. पाऊस आला, धरणं भरली, अधिभार काही ओसरला नाही. २०१७ मध्ये पेट्रोलवरचा ११ रुपयांपर्यंत चढला होता. दुष्काळ सांगलीतल्या जत तालुक्यात, बिल डोंबिवलीच्या पंपावर. द्यायला ना नाही, पण पावती कुठल्या खात्यात जमा झाली ते कुणी सांगत नाही.

आणि ऑगस्ट २०१९. शिरोलीजवळ महामार्ग पाण्याखाली, कोल्हापुरात टँकर येईना, पंप कोरडे. मी तेव्हा सांगलीत अडकलो होतो. बोटीच्या इंजिनाला पेट्रोल लागतं हे त्या दिवशी कळलं, कारण बोट आमच्या गल्लीच्या तोंडाशी येऊन बंद पडली. पोरांनी तीन बुलेटच्या टाक्यांतून नळीने पेट्रोल ओढलं, तोंडात गेलं ते थुंकलं, आणि बिसलेरीच्या बाटल्या भरून दिल्या. लिटरचा भाव कुणी विचारला नाही. अर्थशून्य, याला तुमच्या आलेखात कुठे बसवता?

अर्थशून्य
बसत नाही, बसवायचाही नाही. तीन बुलेटवर एक गल्ली चालते. दोन कोटींच्या आसपासचा महानगर प्रदेश नाही चालत.

ठाणे_ते_जर्सी
माझा मावसभाऊ २०१२ ला न्यू जर्सीत एडिसनला होता. सँडी वादळ २९ ऑक्टोबरला धडकलं. डिप_रॉड म्हणतात तेच तिथे झालं: बऱ्याच पंपांच्या टाक्यांत पेट्रोल, पण वीज नाही. ३ नोव्हेंबरपासून राज्याच्या १२ काउंटींत (म्हणजे जिल्ह्यांत) सम-विषम सुरू. गाडीच्या नंबरचा शेवटचा आकडा विषम असेल तर विषम तारखेला या. न्यूयॉर्क शहराने तेच ९ तारखेपासून केलं, म्हणजे जवळजवळ आठवड्याने. भाऊ सांगतो, पहिल्याच दिवशी रांग डोळ्यांत भरण्याइतकी घटली, कारण निम्म्या लोकांना आज जाऊन उपयोग नाही हे आधीच ठाऊक होतं.

दराचं म्हणाल तर तिथल्या कायद्यात आणीबाणीत १० टक्क्यांपेक्षा जास्त वाढ म्हणजे लूट. भांडवलशाहीच्या माहेरघरी हा नियम आहे, अर्थशून्य.

अर्थशून्य
१० टक्के का होईना, वाढू दिलं ना? आपल्याकडे पंपावर शून्य.

आणि सम-विषम रिक्षाला लावून दाखवा. खासगी गाडीवाला एक दिवस लोकलने जाईल. रिक्षावाला एक दिवसाआड जेवणार का?

एक_सदनिकाधारक
थोडं अवांतर. आमच्या इमारतीत २१ मजले, लिफ्टसाठी जनरेटर. कमिटीने पावसाळ्याआधी दोनशे लिटरचं डिझेलचं पिंप भरून ठेवलं. कायद्याने डिझेल २५०० लिटरपर्यंत परवान्याशिवाय साठवता येतं. प्रत्येक सोसायटीने असं केलं तर पंपावरचा ताण कमी नाही का होणार?

डिप_रॉड
पिंप ठेवलंय कुठे?

एक_सदनिकाधारक
तळघरात, जनरेटरच्या शेजारी.

डिप_रॉड
म्हणजे पाणी सगळ्यात आधी जिथे भरतं तिथे. आणि सगळ्या सोसायट्या मेच्या शेवटच्या आठवड्यात पिंपं घेऊन माझ्याकडे आल्या तर ती टंचाई तुम्हीच आणलेली असेल, पावसाची गरज नाही. साठवायचं तर मार्चमध्ये, वरच्या पोडियमवर, फायर ऑफिसरला दाखवून.

माहीमचा_वारा
सम-विषम खासगी गाड्यांपुरतं, हे मला पटतं. रिक्षा-टॅक्सीला त्यातून सूट, पण त्यांचे पंप वेगळे. डिप_रॉड, नोझलवर हवालदार हवा हेही मान्य. पण पंपांची यादी करताना आधी बघायला हवं की कुठल्या पंपात पाणी शिरत नाही, कुठला जनरेटर जमिनीपासून उंच आहे आणि माहूलहून तिथवर टँकर कुठल्या रस्त्याने येईल. हिंदमाता, गांधी मार्केटच्या बाजूचा पंप यादीत घालून काय उपयोग?

अर्थशून्य
यादी करा, हरकत नाही. माझी एवढीच अट: यादीबाहेरच्या पंपांवर तेवढ्या दिवसांपुरता दर मोकळा सोडा. ज्याला घाई आहे त्याने जास्त द्यावे, आणि तो वरचा पैसा पंपमालकाच्या खिशात न जाता त्या आठवड्यात रिक्षावाल्यांच्या नुकसानभरपाईला जावा.

वर्सोवेकरीण
आणि ती भरपाई कोण वाटणार? परतावा वाटणारेच ना? झालं मग.

बिल्ला_नंबर
भरपाई नको, गॅस द्या. यादीत सीएनजीचे पंप कुठले घेणार ते लिहा आधी. कॉम्प्रेसर विजेवर चालतो, वीज गेली तर तोही बंद. कुर्ल्यात पाणी भरतं, मग आम्ही गॅस भरायला घाटकोपरला जायचं का पवईला, आणि तिथवर जायला गॅस उरलेला असेल का? शिफ्ट सुरू होतेय, रात्री येऊन वाचतो.

डिप_रॉड
सीएनजीला पवई बरी, चढावर आहे. पण तिथल्या पंपांच्या कॉम्प्रेसरला जनरेटर आहे का, ते उद्या ओळखीच्या डीलरला विचारून इथेच लिहितो.