विहिरीच्या पाण्याचा रिपोर्ट आलाय, आकडे खरे मानायचे का?

नदीकाठ_करवीर
नमस्कार मंडळी. पंचगंगेच्या काठाला आमचं गाव. पूर ओसरल्यावर आम्ही पोरांनी वर्गणी काढून पिण्याच्या विहिरीचं आणि राजाराम बंधाऱ्याजवळचं नदीचं पाणी एका खासगी लॅबला दिलं. रिपोर्ट ग्रामसभेत मांडायचाय, पण तिथं कुणी आकड्यावर बोट ठेवलं तर उत्तर पाहिजे.

विहीर (मिलिग्रॅम प्रति लिटर): कॅल्शियम ६२, मॅग्नेशियम १४, सोडियम ५८, पोटॅशियम ४, अल्कलिनिटी (आम्ल पचवायची ताकद) २७०, क्लोराइड ६४, सल्फेट ३४, नायट्रेट ३८, हार्डनेस (पाण्याचा जडपणा) २९५, टीडीएस (एकूण विरघळलेले क्षार) ५४०. ईसी (पाण्याची वीज वाहायची क्षमता, मायक्रोसीमेन्स प्रति सेंटीमीटर) ८६०.
नदी (मिलिग्रॅम प्रति लिटर): डीओ (विरघळलेला ऑक्सिजन) ७.४, बीओडी (घाण खायला जिवाणूंना लागणारा ऑक्सिजन) १८, सीओडी (तीच घाण रसायनानं जाळायला लागणारा ऑक्सिजन) १६.

नदीचं पाणी शनिवारी भरलं, लॅबला सोमवारी पोचलं. लॅब चांगली आहे असं सगळे म्हणतात. पण हे घरबसल्या तपासता येतं का?

ब्यूरेटवाली
येतं, आणि तपासायलाच पाहिजे. पाणी तपासण्यातच माझी सगळी नोकरी झाली, म्हणून थोडं सविस्तर लिहिते.

आधी विहीर. पाण्यातले धन आणि ऋण भार सारखे भरले पाहिजेत. त्यासाठी प्रत्येक आकड्याला त्याच्या तुल्यभाराने (एका भारामागच्या वजनाने) भागायचं: कॅल्शियम २०.०४, मॅग्नेशियम १२.१५, सोडियम २३, पोटॅशियम ३९.१, अल्कलिनिटी ५०, क्लोराइड ३५.४५, सल्फेट ४८, नायट्रेट ६२. तुमच्या रिपोर्टात धन बाजू (कॅल्शियम ते पोटॅशियम) ६.८७ येते, ऋण बाजू (अल्कलिनिटी ते नायट्रेट) ८.५३. दोन्हींतल्या फरकाला बेरजेने भागलं की जवळजवळ ११ टक्के. एवढ्या क्षारांच्या पाण्यात तो २ टक्क्यांत बसावा, ५ पर्यंत मी चालवून घेते. ११ म्हणजे कुठंतरी चूक आहेच.

आता कुठली बाजू खोटी? बाजूला १०० ने गुणलं की साधारण ईसीएवढा आकडा यायला हवा. मोठ्या बाजूला गुणा, ८५३ येतात, आणि ईसी आहे ८६०. म्हणजे ऋण बाजू ठीक, धन बाजूलाच काहीतरी कमी पडलंय. मग हार्डनेस बघा. कॅल्शियम गुणिले २.५ आणि मॅग्नेशियम गुणिले ४.१२ यांची बेरीज हार्डनेसएवढी यायला हवी. तुमच्याकडं ती २१३ येते, छापलंय २९५. राहिलेले ८२ मॅग्नेशियमच्या खात्यात टाकले तर मॅग्नेशियम ३४ होतं. ३४ धरून पुन्हा भार मोजा: धन ८.५२, ऋण ८.५३. माझ्या मते कुणीतरी ३४ चे १४ टाईप केलेत.

पण रिपोर्टावर स्वतःच्या हाताने खाडाखोड करू नका. लॅबला लेखी कळवा, मूळ वर्कशीट बघून सुधारित रिपोर्ट द्या म्हणा. प्रामाणिक लॅबला याचा राग येत नाही. एनएबीएलचा (लॅबना मान्यता देणाऱ्या राष्ट्रीय मंडळाचा) शिक्का असला तरी तो ठराविक चाचण्यांपुरता असतो, तुमच्या चाचण्या त्या यादीत आहेत का तेही विचारा.

नदीच्या आकड्यांत बीओडी सीओडीपेक्षा जास्त आहे, हे होऊच शकत नाही. जिवाणू तीन दिवसांत जेवढं खातात, त्याहून जास्तच सीओडीच्या चाचणीतलं डायक्रोमेट हे रसायन जाळतं. हा रिपोर्ट ग्रामसभेत नेऊ नका, एवढ्या एका ओळीवरून तुमचं सगळं काम मोडीत काढतील.

पर्यावरण_एमएस्सी
ताईंशी सहमत. दादा, नदीचा नमुना कशात नेला होता? बिसलेरीच्या बाटलीत, अर्धवट भरून?

नदीकाठ_करवीर
हो, मोटरसायकलवरनं. बर्फ नव्हता.

पर्यावरण_एमएस्सी
मग डीओ सोडूनच द्या. २७ अंशाला कोल्हापूरच्या उंचीवर पाण्यात साडेसातच्या आसपास ऑक्सिजन मावतो. तुमचा ७.४ म्हणजे बाटलीतली हवा पाण्यात घुसळली गेली. डीओची काचेची बाटली बुडबुडा न राहता भरायची आणि मँगेनीज सल्फेट, अल्कली-आयोडाइड-अझाइड (ऑक्सिजन पकडून ठेवणारी रसायनं) काठावरच घालायचं. बीओडीची वेगळी बाटली, काठोकाठ, बर्फात, त्याच दिवशी लॅबला. शनिवार घेऊच नका.

आणि उलटही लक्षात ठेवा: रंकाळा तलावासारख्या शेवाळलेल्या पाण्यात भर दुपारी डीओ याहून वर गेला तर तो खरा असू शकतो. म्हणून वेळ आणि तापमान लिहिल्याशिवाय नमुना घ्यायचा नाही.

नदीकाठ_करवीर
लई आभार. नदीचं परत करतो. विहिरीचं एक विचारायचंय. सगळीकडं ऊस, युरिया भरपूर पडतो. नायट्रेटची मर्यादा ४५, आमचं ३८. पण एकानं सांगितलं, काही लॅब नायट्रेट 'नायट्रोजन म्हणून' (फक्त त्यातल्या नायट्रोजनचं वजन) देतात, मग ते १६८ होतं. रिपोर्टात काहीच लिहिलेलं नाही. घरात लहान पोरं आहेत.

ब्यूरेटवाली
शंका अगदी रास्त आहे. नायट्रोजन म्हणून धरलं तर ३८ ला १४ ने भागायचं, म्हणजे २.७१. ऋण बाजू १०.६३ वर जाते, धन ८.५२ च राहते आणि ईसीशीही मेळ बसत नाही. त्यामुळं ३८ हे नायट्रेट म्हणूनच दिलंय. तरी सुधारित रिपोर्टात तसं लिहून मागा.

आणि ३८ मर्यादेत असलं तरी काठावर आहे, एका नमुन्यावर निर्धास्त होऊ नका. पुढच्या वेळी विहिरीचंच पाणी दोन बाटल्यांत, वेगवेगळ्या नंबरनं द्या. लॅबला सांगू नका. तिसऱ्या बाटलीत डिस्टिल्ड वॉटर, विहिरीवरच ओतून. पहिल्या दोघींत २० टक्क्यांपेक्षा जास्त फरक आला किंवा तिसरीत नायट्रेट दिसलं, तर आकडे इथं टाका, मिळून बघू.