फ्रेमला ‘चौकट’ म्हणावं का? मधपेटीतल्या शब्दांबद्दल

मधपेटी स्वतः बनवणाऱ्यांसाठी एक छोटी पुस्तिका लिहिते आहे. मापं आणि आकृत्या तयार आहेत, अडलं आहे ते शब्दांपाशी. पेटीतल्या ज्या चौकोनी लाकडी सांगाड्यात माश्या पोळं बांधतात त्या ‘फ्रेम’ला मी सरसकट ‘चौकट’ लिहिलं. पण पुढे तिच्या पट्ट्या, आतला मेणाचा पत्रा, दोन फ्रेममधली मोकळी जागा, पोळं तुटू नये म्हणून दिलेला आधार या सगळ्यांना शब्द हवेत. शिवाय ‘पोळं’ आणि ‘मोहोळ’ मी आलटून पालटून वापरले होते, तर मजकूर तपासणाऱ्यांनी प्रत्येक ठिकाणी प्रश्नचिन्ह काढून परत पाठवलं. कोशातले संस्कृत शब्द मिळाले आहेत. मला ते नको आहेत. हातात पटाशी घेऊन बसलेल्या माणसाला वाचताक्षणी कळतील असे शब्द हवेत.

प्रतिसाद १

पोळं आणि मोहोळ एक नव्हेत, तपासणाऱ्यांचं बरोबर आहे. मोहोळ म्हणजे माश्या, त्यांचं घर, त्यांचा सगळा संसार मिळून. म्हणून मोहोळ ‘उठतं’, ‘झाडलं’ जातं, आठवणींचं मोहोळ डोक्यात घोंगावतं. पोळं कधी उठत नाही. पोळं ही वस्तू आहे, मेणाची, घरांची. ते कापतात, पिळतात, त्यात मध असतो किंवा नसतो.

दोन शब्दांची सरमिसळ का झाली याचं एक कारण मला दिसतं. आग्या माशी आणि फुलोरी या दोघी उघड्यावर एकच पोळं टांगतात. तिथे मोहोळाकडे बोट दाखवलं काय आणि पोळ्याकडे दाखवलं काय, बोट एकाच जागी जातं. सातेरी आणि मेलिफेरा (युरोपीय मधमाशी) मात्र अंधाऱ्या पोकळीत शेजारी शेजारी, समांतर अशी अनेक पोळी बांधतात. पेटीत पाळल्या जातात त्या याच. त्यामुळे तुमच्या पुस्तिकेत फरक पाळावाच लागेल. एका पेटीत एक मोहोळ आणि एका फ्रेममध्ये एक पोळं.

अनेकवचनाची मात्र काळजी घ्या. एक केळं, अनेक केळी, तसं एक पोळं, अनेक पोळी. ‘पेटीत आठ पोळी आहेत’ हे वाक्य व्याकरणाने चोख आहे, पण वाचणारा क्षणभर स्वयंपाकघरात जाऊन येतो. ‘बांधलेली आठही पोळी’ असं नपुंसकलिंगी विशेषण लावलं की अर्थ जागेवर येतो.

प्रतिसाद २

ताई, मी पेट्या बनवतो आणि माश्याही पाळतो, म्हणून जरा लांब लिहितो.

‘चौकट’ शब्द चांगला आहे, ठेवा. पण तो वाचून सुताराच्या मनात जे चित्र उभं राहतं ते इथे लागू पडत नाही, हे पहिल्या पानावर सांगा. दाराची किंवा तसबिरीची चौकट चारही बाजूंनी आतल्या वस्तूला धरते. मधपेटीतल्या चौकटीत पोळ्याचा भार येतो तो वरच्या पट्टीवर. माश्या एकमेकींचे पाय धरून साखळ्या करून लोंबतात आणि पोळं वरून खाली, अगदी ओळंब्यात, म्हणजे सरळ उभ्या रेषेत, बांधत येतात. कडेला आणि तळाला ते कधी पूर्ण चिकटतं, कधी थोडं, कधी नाहीच. मग उरलेल्या तीन पट्ट्या कशासाठी? पोळं आणि पेटीची भिंत यांच्यामध्ये अंतर राखण्यासाठी. त्या नसतील तर माशी पोळं थेट भिंतीला सांधते, आणि दर वेळी सुरीने कापल्याशिवाय ते बाहेर येत नाही.

याचा इतिहास दोन ओळींत सांगितला तर वाचकाला शब्द आपोआप कळतील. आजची पेटी ज्याच्या नावाने ओळखली जाते त्या अमेरिकन लँगस्ट्रॉथच्या आधीही चौकट होती. दृष्टी गेलेल्या फ्रांस्वा ह्यूबरने १७८९ मध्ये पुस्तकाच्या पानांसारखी उघडणारी पेटी केली. तिच्या चौकटी एकमेकींना भिडलेल्या होत्या, चौकटीच भिंती. युक्रेनमध्ये प्रोकोपोविचने १८१४ मध्ये मधाच्या कप्प्यात चौकटी बसवल्या. १८५१ मध्ये लँगस्ट्रॉथच्या लक्षात आलं की चौकट आणि पेटी यांच्यात ठरावीक मोकळी जागा चहूबाजूंनी सोडली, तर माश्या ती तशीच मोकळी ठेवतात. भर पडली ती लाकडाची नव्हे, लाकूड नसलेल्या जागेची. तेव्हा तुमच्या पुस्तिकेत सगळ्यात जपून निवडायचा शब्द ‘चौकट’ नाही, या मोकळ्या जागेचा आहे.

त्यासाठी मराठीत तीन शब्द तयार आहेत, आणि माशीही तीनच भेद करते. साधारण सहा मिलिमीटरपेक्षा कमी असेल ती फट. माशी ती झाडांचा डिंक आणून बुजवते. सहा ते नऊ मिलिमीटर असेल ती वाट. तिथून माशी ये-जा करते, म्हणून ती सोडते. नऊच्या वर गेली की ती रिकामी जागा, आणि रिकाम्या जागेत माशी पोळं बांधते. फट बुजते, वाट राहते, जागा भरते. मी तर ‘माशीवाट’ म्हणतो.

आता पट्ट्या. वरची पट्टी, तळपट्टी आणि दोन उभ्या पट्ट्या. ‘शीर्षदंड’ वगैरे नको. वरच्या पट्टीची जी टोकं पेटीच्या खाचेवर टेकतात त्यांना कान म्हणा. चौकट कानांना धरूनच उचलतात, शब्द हातालाही पटतो. उभ्या पट्टीचा वरचा भाग रुंद आणि खालचा अरुंद असतो, त्या रुंद भागाला खांदा. शेजारच्या चौकटीचे खांदे एकमेकांना भिडले की मध्यापासून मध्यापर्यंत ३५ मिलिमीटर आपोआप राखले जातात. या बनावटीला हॉफमन चौकट म्हणतात.

खिळ्यांबद्दल एक गोष्ट पुस्तिकेत घाला, कारण ती मी पोळं घालवून शिकलो आहे. सुरुवातीला मी वरची पट्टी फक्त वरून चुका मारून उभ्या पट्ट्यांना जोडली होती. चूक म्हणजे बारीक खिळा, सुताराला सांगायला नको. मध भरल्यावर माश्यांनी कान डिंकाने खाचेत चिकटवून टाकले. मी लोखंडी पट्टी घालून कान उचकटला, तर वरची पट्टी तेवढी हातात आली. चुका लाकडातून सरळ उपसून निघाल्या, त्यांना ओढ त्याच दिशेने होती. बाकीची चौकट आतच राहिली, आणि पोळं वरच्या कडेला फाटून मध शेजारच्या पोळ्यांवर वाहिला. तेव्हापासून प्रत्येक कानाखाली, उभ्या पट्टीतून वरच्या पट्टीत, एक आडवी चूक मारतो. वरून दोन-दोन, खालून दोन-दोन आणि या दोन आडव्या, अशा दहा. आडवी चूक ओढीच्या काटकोनात बसते, म्हणून उपसत नाही. सांध्याला आधी सरस लावा, तो वेगळा.

प्रतिसाद ३

‘माशीवाट’ कानाला गोड आहे, पण छापील मजकुरात ‘मधमाशी अंतर’ असंही लिहितात. रूढ होत असलेला शब्द मोडून नवा का आणायचा?

प्रतिसाद ४ (मूळ प्रश्नकर्ती)

मी दोन्ही लिहून पाहिले. ‘अंतर’ लिहिलं की एक घोटाळा होतो. ३५ मिलिमीटर हेही अंतरच आहे, एका चौकटीच्या मध्यापासून दुसरीच्या मध्यापर्यंतचं. वरची पट्टी २७ मिलिमीटर रुंद घेतली तर दोन पट्ट्यांमध्ये ८ मिलिमीटर उरतात, तेही अंतर. एकाच परिच्छेदात दोन अंतरं आली आणि मी स्वतः एका आकृतीवर चुकीचा आकडा लिहून बसले. आता मध्य ते मध्य मोजायचं ते ‘अंतर’ आणि दोन पृष्ठांमधली मोकळी ती ‘वाट’, अशी विभागणी केली आहे. वाट चालण्यासाठी असते, मोजण्यासाठी नव्हे, त्यामुळे ती कुणाची आणि कशासाठी हे वेगळं सांगावं लागत नाही.

दादा, आधाराबद्दल विचारायचं राहिलं. पोळ्याला आतून तार किंवा काड्या देतात त्याला मी ‘टेकू’ लिहिलं आहे.

प्रतिसाद ५ (प्रतिसाद २ चा लेखक)

टेकू काढा. टेकू खालून लावतात. धिरा कलत्या भिंतीला बाजूने देतात. दोन्हींत वस्तू उभी असते आणि पडू पाहत असते. पोळं उभं नसतं, लोंबतं असतं, आणि त्याचा धोका वरच्या टोकाला तुटण्याचा असतो. खालून टेकू दिलात तरी मधलं मेण ओघळून खाली बसेल. मेण वितळतं ६२ ते ६४ अंशांना, पण चाळिशीच्या आसपासच ते इतकं मऊ होतं की मधाने भरलेलं पोळं स्वतःच्या वजनाने ताणलं जातं. मोठ्या लँगस्ट्रॉथ चौकटीत भरल्यावर सुमारे तीन किलो मध असतो. ते सगळं वजन मेणाच्या पातळ भिंतींवर.

म्हणून आधार पोळ्याच्या पोटातून जायला हवा. तारेला तारच म्हणा. उभ्या पट्ट्यांना भोकं पाडून आडव्या तारा ओवतात, मोठ्या चौकटीत बहुधा चार. तार भोकाच्या कडेने लाकडात रुतते आणि ढिली पडते, म्हणून भोकात पितळी आयलेट, म्हणजे बारीक नळीसारखी कडी, बसवायचं. तार बोटाने छेडली की तंतुवाद्यासारखी वाजली पाहिजे, भद्द आवाज आला तर परत ओढा. मात्र इतकीही ओढू नका की उभ्या पट्ट्या आत वाकतील. १८६५ मध्ये ह्रुश्काने पोळं न मोडता गरगर फिरवून मध काढायचं यंत्र आणलं, तेव्हापासून या आधाराची गरज आणखी वाढली, कारण यंत्रात पोळ्यावर बाजूने जोर येतो.

तार नको असेल तर बांबूच्या कामट्या. पतंगाला लावतात तशाच, थोड्या जाड. चौकटीत दोन-तीन उभ्या कामट्या घट्ट बसवल्या की माश्या पोळं बांधत येताना त्या पोटात घेतात. ‘कामटी’ लिहा, ‘काडी’ म्हटलं की माणूस काहीही घालेल.

प्रतिसाद ६

मेणाच्या पत्र्याला काही अनुवादांत ‘पाया’ म्हटलेलं पाहिलं आहे. इंग्रजी शब्दाचं ते भाषांतर असावं. पण पाया तळाशी असतो, आणि हा पत्रा पोळ्याच्या बरोबर मधोमध उभा असतो, माश्या त्याच्या दोन्ही अंगांना घरं उभारतात. ‘मेणपत्रा’च योग्य. १८५७ मध्ये योहानेस मेरिंगने तो पहिल्यांदा साच्यात दाबून काढला. त्यावर उमटवलेल्या षटकोनांचं माप मेलिफेरासाठी साधारण ५.४ मिलिमीटर असतं. सातेरी अंगाने लहान, तिची घरंही लहान, म्हणून ‘मेणपत्रा लावा’ एवढंच न लिहिता कुठल्या माशीचा तेही लिहा.

पूर्ण पत्रा न देता वरच्या पट्टीखाली बोटभर रुंदीची मेणाची पट्टी देतात, किंवा पट्टीच्या खालच्या अंगाला त्रिकोणी धार काढतात. या धारेला सुतारकामातला ‘कंगोरा’ शब्द चालेल असं मला वाटतं. माशी कंगोऱ्याच्या रेषेत बांधायला सुरुवात करते.

प्रतिसाद ७

कंगोरा छान. आणि पेटी ओळंब्यात ठेवा हेही लिहा. पेटी बाजूला कललेली असली तरी माशी पोळं सरळच खाली सोडते, मग ते कंगोऱ्यापासून सुरू होऊन तळाशी शेजारच्या चौकटीत शिरतं. दोन पोळ्यांना सांधणाऱ्या अशा तुकड्याला आम्ही ‘जोडपोळं’ म्हणतो.

आणखी एक, फक्त वरची पट्टी असलेल्या पेट्यांसाठी. अशा पेटीतलं ताजं पोळं बघताना आडवं धरू नये, पट्टीपासून तुटून पडतं. दुसरी बाजू बघायची तर आधी पट्टी उभी करायची, मग पोळं दारासारखं फिरवायचं, मग पट्टी पुन्हा आडवी. पोळ्याची पातळी सतत उभीच राहिली पाहिजे. तुमच्या आकृत्यांत हे तीन टप्प्यांत काढा, शब्दांनी पुरतं समजत नाही.

प्रतिसाद ८ (प्रतिसाद २ चा लेखक)

एक क्रियापद राहिलं. ताई, तुम्ही वर दिलेल्या मजकुरात नाही, पण मागच्या मसुद्यात ‘चौकट पेटीत बसवा’ असं वाचलं होतं, आणि वर मीही प्रोकोपोविचबद्दल तसंच लिहून गेलो. ‘टांगा’ लिहा. ‘बसवा’ वाचलं की सुतार चौकट तळाला टेकेल अशी करतो, कारण बसणारी वस्तू खाली टेकते. मग तळपट्टीखालची वाट जाते, तिची फट होते, आणि चौकट तळाला डिंकाने चिकटते. कान खाचेवर, बाकी सगळं अधांतरी.

प्रतिसाद ९ (मूळ प्रश्नकर्ती)

बदललं. सगळ्या मजकुरात ‘बसवा’ सात ठिकाणी होतं. दोन ठिकाणी तसंच ठेवलं आहे, आयलेट बसवा आणि कामटी घट्ट बसवा. तिसऱ्या आकृतीत तळपट्टी पेटीच्या तळाला टेकलेलीच काढली होती, ती आता वर उचलते आणि खाली ‘वाट’ असा बाण दाखवते.