भंडारदऱ्याला पोरांसह तंबू : पाण्याकाठी की गावात?

डोंबिवलीकर_बाबा

नमस्कार मंडळी. नोव्हेंबरच्या तिसऱ्या शनिवार-रविवारी भंडारदऱ्याला जायचं घाटतंय. मुलगा ९ वर्षांचा, मुलगी ६ची. कसारा-घोटीमार्गे गाडीने येऊ. धरणाच्या पाण्याकाठचे तंबू पाहिले. जेवण, शेकोटी, गाणी सगळं धरून पैसे घेतात. सोयीचं आहे, पण मन घेत नाही.

परवा पोहे खाताना लेकीने विचारलं, "बाबा, पोहे कुठल्या झाडाला येतात?" मी ऐटीत सांगितलं, भातापासून करतात. "मग ते चपटे कसे होतात?" इथे माझी दांडी गुल. आमचं गाव चिपळूणजवळ, पण घर भाऊबंदकीत अडकलेलं, त्यामुळे पोरांना गाव म्हणजे सातबाऱ्यावरचं नाव.

आपला तंबू नेला तर गावात कुणी लावू देईल का? नोव्हेंबरात मुलांना बघण्यासारखं काय असतं? थंडी झेपेल का?

भटक्या_७२

मे अखेर ते जूनचा पहिला पंधरवडा गाठा. काजव्यांनी झाडंच्या झाडं लुकलुकतात. नोव्हेंबरात काय, वाळकं गवत.

दोन_पोरांची_आई

भटक्याभाऊ, काजव्यांना आम्हीही गेलो होतो. काजवे कमी आणि गाड्यांचे दिवे जास्त. असो.

डोंबिवलीकर, आम्ही दोन्ही करून बसलोय. पहिल्या वर्षी पाण्याकाठी. ओळीने तंबू, रात्री बारापर्यंत स्पीकर, पोरांनी मॅगी खाल्ली. गाव दिसलं ते गाडीच्या काचेतून. दुसऱ्या वर्षी नवऱ्याच्या ओळखीतल्या एकांच्या मावशींकडे गेलो, रतनवाडीच्या बाजूला. आधी फोन करून विचारलं, पैसे किती द्यायचे तेही तेव्हाच ठरवलं. तिथे जाऊन घासाघीस करू नका, वाईट दिसतं.

तंबू मी अतिशहाणपणाने कापलेल्या भाताच्या खाचरात लावला. लांबून सपाट दिसत होतं हो! खाली भाताची बुडखं, करकरीत वाळलेली. अर्ध्या तासात तंबूच्या तळाला तीन भोकं. मावशी कमरेवर हात ठेवून हसल्या, म्हणाल्या, "बिबट्याला जेवायला बोलावलंय का तिकडं?" मग तंबू उचलून अंगणात, गोठ्याला लागून. खाली वीतभर पेंढा. रात्रभर अंगाला खाज, पण ऊब अशी की गादी झक मारते. थंडी पहाटेची असते. आम्ही थंडीच्या भीतीने तंबूच्या सगळ्या खिडक्या लावून घेतल्या आणि पाचला आतून पाणी ठिबकायला लागलं. आपल्याच श्वासाचं. थोडी फट ठेवा, कानटोप्या घाला.

बघण्यासारखं काय म्हणाल, तर खळं. शेणाने सारवलेलं, एका बाजूला पेंढ्यांची उडवी, मध्ये तिरकी लावलेली फळी. त्या फळीवर पेंढी आपटून भात झोडतात. आमच्या चिरंजिवांना (तेव्हा १०) वाटलं, हे म्हणजे क्रिकेटच. दहा-बारा पेंढ्या झोडल्या, तळवे लाल, मानेत कुसं जाऊन वळवळ. तरी हटेना. शेवटी मावशींनीच थांबवलं. मला वाटलं, पोराची दया आली. तर त्या म्हणाल्या, "ऱ्हाऊ दे बाळा, निम्मं भात पेंढीतच ऱ्हायलंय." आणि त्याने झोडलेली प्रत्येक पेंढी उचलून पुन्हा झोडली. दर पेंढीतून सूपभर नाही, पण ओंजळभर तरी दाणे पडत होते. पोरगा गप्प बसून बघत होता. शाळेत कुणी त्याला इतकं सरळ सांगितलं नसेल. संध्याकाळी वारा सुटल्यावर त्या उभ्याने सूप धरून भात उपणायला लागल्या, तेव्हा मात्र त्याला खाली पडलेले दाणे ओढायचं काम मिळालं. ते त्याला जमलं.

लेक (तेव्हा ७) संध्याकाळभर डालग्यापाशी उकिडवी बसून एका लाल कोंबड्याशी बोलत होती. दुसऱ्या दिवशी दुपारी रस्सा वाढला आणि तिने विचारलं, "तो कुठाय?" कुणी उत्तर दिलं नाही, त्यातच उत्तर आलं. तिने नागलीची भाकरी आणि नुसती चटणी खाल्ली. मावशी खजील झाल्या, मी त्यांच्याहून. दोन महिने घरात चिकन बंद होतं, मग बिर्याणीपुढे तिने शस्त्रं टाकली. तुमची ६ची आहे, तेव्हा मांसाहाराचं काय ते आधीच बोलून घ्या.

आणखी एक. गोळ्या-चॉकलेटं नेऊन गावातल्या पोरांना वाटू नका. आम्ही वाटली, तर आमचीच पोरं दात्यासारखी ताठ उभी राहिली. फोटोत ते आता बघवत नाही.

अकोल्याचा_पण_नाशकात

आमचा अकोले तालुका, विदर्भातलं अकोला नव्हे. हे दर वेळी सांगावं लागतं.

ताईंनी बरोबर लिहिलंय, थोडी भर घालतो. हळवं, म्हणजे लवकर पिकणारं भात दिवाळीच्या आगेमागे निघून जातं, उशिरा पिकणारं गरवं नोव्हेंबरात कापतात. तिसरा आठवडा म्हणजे कापणी-झोडणी दोन्ही सापडायची शक्यता. पण आता गावोगाव मळणी यंत्र फिरतं, दोन तासांत खेळ खलास. हाताने झोडणारे थोडे राहिले. तेव्हा "पोरांना दाखवायला जरा झोडा की" असं कुणाला सांगू नका. असं सांगणारे पाहुणे आमच्या घरी येऊन गेलेत. माझ्या आजीने त्यांच्या हातात पेंढी दिली आणि आत निघून गेली.

रतनवाडीला गेलात तर अमृतेश्वराचं देऊळ आहेच, दगडातलं कोरीवकाम मुलांना हात लावून बघू द्या. मागे रतनगड, पण ६ वर्षांच्या पोरीला शिड्यांवर नेऊ नका. कळसूबाईलाही शिड्या आहेत, १६४६ मीटर, तेही पुढच्या खेपेला.

एक गोष्ट मुलांना जरूर विचारा. एवढं पाणी समोर आहे, मग गावातल्या बाया हंडे घेऊन का चालतात? भंडारदऱ्याचं हे विल्सन धरण १९२६ला पुरं झालं. पाणी प्रवरेतून खाली उसाला जातं. वरच्या वाड्यांना मे महिन्यात विचारा कसं असतं ते. धरण उशाला, कोरड घशाला. नोव्हेंबरात झरे वाहते असतात, म्हणून पाहुण्यांच्या ध्यानात येत नाही.

डोंबिवलीकर_बाबा

ताई, दादा, मनापासून आभार. पाण्याकाठचं रद्द. ताई, मावशींचा नंबर व्यक्तिगत निरोपात मिळेल का? त्यांना चालणार असेल तरच. दादा, जाता जाता पोह्यांचं तेवढं सांगा. लेक रोज विचारते आणि मी रोज विषय बदलतो.

दोन_पोरांची_आई

मावशींना विचारून कळवते. कोंबड्याचं आधीच सांगून ठेवते.

अकोल्याचा_पण_नाशकात

भात रात्रभर पाण्यात भिजवायचं. सकाळी निथळून खापरात भाजायचं, तडतडायला लागलं की लगेच उखळात. गरम असतानाच कांडायचं, गार झालं की दाणा चपटा होत नाही, त्याची कणी होते. दोघी समोरासमोर, दोन मुसळं, एकीचं वर तेव्हा दुसरीचं खाली. मग पाखडून कोंडा काढायचा. माझी आजी करायची. आता आमच्याकडेही पोहे गिरणीतलेच. उखळ मात्र अंगणात आहे अजून, त्यात पावसाचं पाणी साठतं आणि चिमण्या अंघोळ करतात.