मदत हवी आहे: बिग बेंड, टेक्सास. सोळा माणसं, वय वर्षं ५ ते ७८

वाळवंटीकाठचा

नमस्कार मंडळी. नेहमीच्या सहलीपेक्षा हा विषय जरा आडवाटेचा आहे, म्हणून आधी पसारा सांगतो.

आमचं मूळ घर गोव्यात साखळीला. चवथीला, म्हणजे गणेश चतुर्थीला, सगळे जमतात असं म्हणायचं, पण दरवर्षी कोणी ना कोणी गळतंच. बहीण ह्यूस्टनला, तिच्या मुलांची शाळा ऑगस्टातच सुरू होते. चुलतभाऊ पोर्तुगीज पासपोर्ट काढून इंग्लंडात स्विंडनला गेला, त्याला रजा मिळते ती नाताळाच्या सुमारास. म्हापशाचे काका-काकू आणि फोंड्याची आत्या आता उघडच विचारतात, की सगळी एकत्र दिसणार तरी कधी? शेवटी भावोजींनी तोडगा काढला: तुम्ही सगळे इकडे या, आपण बिग बेंड नॅशनल पार्कला जाऊ. डिस्नेला नेलं तर जो तो आपापल्या रांगेत उभा राहील, इथे फोनला धड रेंजही नाही, बोलण्यावाचून गत्यंतर नाही, असा त्यांचा युक्तिवाद. बाबांना तो भलताच पटला. आईला नाही.

मी वाचलं त्यावरून पार्क १९४४ सालचं, क्षेत्रफळ सुमारे ३,२४० चौरस किलोमीटर. आपला अख्खा गोवा ३,७०२. एवढ्या मुलखात पेट्रोल पंप मोजून दोन. दक्षिणेला रिओ ग्रांदे नदी, पलीकडे मेक्सिको. भोवती चिवावा वाळवंट आणि मधोमध चिसोस डोंगर. त्यातलं एमरी शिखर २,३८५ मीटर.

अडचणी अशा. बाबा ७८ वर्षांचे, अँजिओप्लास्टी झालेली आहे, एरवी ठणठणीत. आईचे गुडघे. आत्या शुद्ध शाकाहारी, काका माशाशिवाय जेवत नाहीत. मुक्काम पार्कच्या आत करावा की बाहेर? बहीण म्हणते २०२६ च्या थँक्सगिव्हिंगला जाऊ, भाऊ म्हणतो नाताळ. बाबांची एकच मागणी आहे: आकाशगंगा बघायची. लहानपणी साखळीत अंगणातून दिसायची म्हणतात.

आणि हा बेत मुळात शहाणपणाचा आहे का, तेही स्पष्ट सांगा. राग मानणार नाही.

टेक्सासवहिनी

डॅलसला राहते, बिग बेंडला आमचं जाणं असतं. बेत चांगला आहे, पण अंतरं नकाशावर दिसतात त्यापेक्षा अंगावर येतात. ह्यूस्टनहून गाडीनं जायचं तर नऊ-दहा तास. ज्येष्ठांना तसं नेऊ नका. त्यांना ह्यूस्टनला दोन-तीन दिवस झोप काढू द्या, मग मिडलंडपर्यंत विमान आणि तिथून चारेक तास गाडी. एल पासोचा विमानतळही लोक सुचवतात, पण तो आणखी लांब आणि तिथलं घड्याळ एक तास मागे, उगाच गोंधळ.

मुक्कामाचं. पार्कच्या आतली एकमेव लॉज चिसोस बेसिनमध्ये, म्हणजे डोंगरांमधल्या खोलगट भागात, १,६०० मीटरवर, तिन्हीसांजेचा देखावा अप्रतिम. पण ती जुनी इमारत पाडून नवी बांधायची योजना आहे आणि त्या कामासाठी बेसिनच बंद ठेवणार आहेत. तारखा आधी पुढे ढकलल्या गेल्या आहेत. तुम्ही बेसिन मिळणार नाही असं धरूनच चाला, मिळालं तर लॉटरी. पार्कच्या पश्चिम दाराबाहेर टर्लिंग्वा आणि स्टडी ब्यूट ही गावं आहेत, तिथे मोठी घरं भाड्यानं मिळतात.

घर बघताना फोटोंना भुलू नका. टर्लिंग्वात पाणी दुर्मीळ, कित्येक घरं पावसाच्या साठवलेल्या नाहीतर टँकरच्या पाण्यावर चालतात. "निसर्गसान्निध्य" असं लिहिलं असेल तर संडास कुठे आणि कसला, हे मालकाला आधी विचारा. रात्री दोन वाजता टॉर्च घेऊन अंगणापलीकडच्या भुशाच्या संडासात जायचं आणि वर डब्यानं भुसा टाकायचा, हे पोरांना गंमत वाटेल. तुमच्या आईंना नाही वाटणार.

रानवाटा

वहिनींशी सहमत, फक्त टर्लिंग्वाला नावं ठेवू नका हो. एके काळी पाऱ्याच्या खाणींचं गाव होतं ते. खाणी बंद पडल्यावर ओस पडलं, दगडमातीची पडकी घरं अजून उभी आहेत. जुन्या दफनभूमीत मुद्दाम जाऊन या. आणि नोव्हेंबरचा पहिला आठवडा टाळा, त्या वेळी तिथे चिली (मांस-मिरचीचा रस्सा) शिजवण्याच्या स्पर्धा भरतात आणि एक खोली शिल्लक राहत नाही.

पंचांगवाला

वाळवंटीकाठचा, तुमच्या वडिलांना आकाशगंगा बघायची आहे आणि तुम्ही तारखा शाळेच्या सुट्ट्यांवरून ठरवताय. आधी पंचांग उघडा. २०२६ ला थँक्सगिव्हिंग २६ नोव्हेंबरला, गुरुवारी. त्याच आठवड्यात मंगळवारी २४ ला त्रिपुरी पौर्णिमा. म्हणजे आभाळात चंद्राचा लख्ख उजेड, शिवाय विठ्ठलापूरचा नौकोत्सव चुकणार तो वेगळाच. साखळीचे असून हे तुमच्या लक्षात आणून द्यावं लागतंय!

नाताळही तसाच, त्याच्या तोंडावर मार्गशीर्ष पौर्णिमा. पण ३० डिसेंबरनंतर जा. चंद्र उतरणीला लागलेला, मध्यरात्रीच्या सुमारास आणि पुढे रोज आणखी उशिरा उगवतो. सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, म्हणजे जेवण उरकून आठ वाजता अंगणात खुर्च्या टाकल्या की चांगला तीन-चार तास काळोख. बिग बेंडला २०१२ मध्ये आंतरराष्ट्रीय डार्क स्काय पार्कचा दर्जा मिळाला आहे, तिथवर जाऊन पौर्णिमा बघण्यात काय हशील?

एक मात्र सांगतो. जानेवारीत संध्याकाळच्या आभाळात आकाशगंगेचा तो दाट, फुगीर मध्यभाग नसतो, तो उन्हाळ्यातला. हिवाळ्यातला पट्टा फिकट असतो. पण मृग नक्षत्र, व्याध, कृत्तिका असं सगळं डोक्यावर असतं, आणि वडिलांना अंगणातून दिसायची ती आकाशगंगा बहुधा थंडीतलीच असणार. पावसाळ्यात साखळीत आभाळ दिसतं कुठे?

वाळवंटीकाठचा

पंचांगवाले, साष्टांग नमस्कार. हे वाचून दाखवल्यावर बाबांनी "बघ, मी म्हणत होतो" असं म्हटलं. ते असं काहीच म्हणत नव्हते. पण ३० डिसेंबर ते ४ जानेवारी भावालाही जमतंय आणि बहिणीच्या मुलांनाही सुट्टी आहे.

थंडी किती असेल? आमच्याकडे वीस अंशांना कानटोप्या निघतात.

टेक्सासवहिनी

दुपारी स्वेटर काढून कमरेला बांधाल, रात्री डोंगरात शून्याजवळ. नदीकाठी त्यापेक्षा ऊबदार. थरावर थर घाला. उन्हाळ्यात याच नदीकाठी पारा ३८ च्या वर जातो, त्या मानानं हे सुखाचं.

अबोली

मी व्यवसायानं डॉक्टर आहे, पेशंट न बघता सल्ला देणार नाही, पण काही गोष्टी सगळ्यांनाच लागू. टर्लिंग्वापासून जवळचं रुग्णालय अल्पाइन गावात, सुमारे १३० किलोमीटरवर. पार्कच्या आतून आणखी लांब. गंभीर रुग्णाला तिथून विमानानं मोठ्या शहरात हलवावं लागतं आणि त्याचं बिल भल्याभल्यांना घाम फोडतं. तेव्हा विमा घेताना "आधीपासूनचे आजार" हे कलम शब्द न् शब्द वाचा. नुसता स्वस्त विमा म्हणजे कागदाचा तुकडा.

वडिलांच्या हृदयरोगतज्ज्ञांना बेत जसाच्या तसा सांगा: दोन लांब विमानप्रवास, कोरडी हवा, १,६०० मीटर उंची. ते हो म्हणाले तर मला चिंतेचं कारण दिसत नाही. औषधं दुप्पट घ्या, अर्धी हातातल्या पिशवीत, सोबत प्रिस्क्रिप्शन. पाणी माणशी रोज एक गॅलन, म्हणजे पावणेचार लिटर, असं पार्कच सांगतं. तुम्हा सोळा जणांचे रोजचे साठ लिटर झाले. थंडीत तहान लागत नाही म्हणून म्हातारी माणसं पाणी टाळतात, तिथे तुम्हीच मागे लागा.

रानवाटा

आता ज्येष्ठांना काय दाखवायचं ते. बेसिन उघडं असेल तर विंडो व्ह्यूची छोटी पक्की वाट आहे, व्हीलचेअरही जाते. दोन कड्यांच्या मधल्या खिंडीतून सूर्य मावळताना दिसतो. आईंच्या गुडघ्यांना एवढं पुरे. रॉस मॅक्सवेल रस्ता गाडीतूनच करायचा, पन्नासेक किलोमीटर, ठिकठिकाणी थांबे. तो संपतो तिथून जवळच सांता एलेना कॅनियन: साडेचारशे मीटर उभे कडे आणि मधून शांत वाहणारी रिओ ग्रांदे. आतल्या वाटेला पायऱ्या आणि चढ आहे, शिवाय वाटेत ओढा ओलांडावा लागतो, ते तरुणांनी करावं. बाकीच्यांनी काठावर बसून दशम्या खाव्यात, कडे तिथूनही दिसतात.

तरुण मंडळींसाठी लॉस्ट माइन ट्रेल, जाऊन-येऊन पावणेआठ किलोमीटर, पण तीही बेसिनच्याच रस्त्यावर आहे तेव्हा आधी चौकशी करा. नदीकाठी गरम पाण्याचं कुंड आहे, पाणी ४० अंशांच्या आसपास. काका लोक तिथून उठणार नाहीत. पार्कातून जाणाऱ्या नदीकाठच्या वाटांवर एखाद्या खडकावर तारेचे विंचू, रंगीत काठ्या मांडलेल्या दिसतात, शेजारी पैसे टाकायला डबा, विकणारा पलीकडच्या काठावर. मुलं हट्ट करतील. घेऊ नका, ती खरेदी बेकायदा आहे.

नदीपलीकडच्या मेक्सिकोतल्या बोकियास गावात होडीनं रीतसर जाता येतं, पण तो नाका आठवड्यातले ठरावीक दिवसच उघडा असतो आणि पासपोर्ट लागतो. तुमच्यात तीन तऱ्हेचे पासपोर्ट, मी असतो तर सोडून दिलं असतं.

टेक्सासवहिनी

पासपोर्टवरून आठवलं. पार्कातून उत्तरेला परतताना रस्त्यावर बॉर्डर पेट्रोलची चौकी लागते, मेक्सिकोला गेला नसलात तरी. मूळ पासपोर्ट गाडीत हवेत, ह्यूस्टनच्या घरी कपाटात नकोत.

फोंडेकर

व्हिसाचं बोलतो, नुकतंच यातून गेलोय. स्विंडनच्या भावाला पोर्तुगीज पासपोर्टवर व्हिसा लागणार नाही, एस्टा ही ऑनलाइन प्रवासपरवानगी पुरते. त्याच्या घरात कोणी अजून भारतीय पासपोर्टवर असेल तर तिला मात्र व्हिसा, लग्नाच्या नात्यानं सूट मिळत नाही. साखळी-म्हापसा-फोंडा पार्टीला बी१/बी२ हा पर्यटक व्हिसा, इंटरव्ह्यू मुंबईत बीकेसीला. २ सप्टेंबर २०२५ पासून १४ वर्षांखालच्या मुलांना आणि ७९ च्या पुढच्यांनाही साधारणपणे इंटरव्ह्यू चुकत नाही, तेव्हा मुलांचे फॉर्म वेगळे ठेवू नका. तारखा बघायला आजच बसा, घराचं बुकिंग नंतर. व्हिसा हातात येईपर्यंत पैसे परत मिळणारीच तिकिटं काढा, एजंट काहीही म्हणो.

वाळवंटीकाठचा

वहिनी बेळगावची आहे, भारतीयच पासपोर्ट. बरं झालं सांगितलंत, भाऊ निर्धास्त होता.

आता जेवणाचं. काकूनं यादी केली आहे: उकडे तांदूळ दहा किलो, सोलां (आमसुलं), लोणची, सुका बांगडा आणि सुंगटं (कोळंबी). यातलं काय जाईल?

टेक्सासवहिनी

तांदूळ एक दाणाही नको. भारतातून सामानात तांदूळ आणायला बंदी आहे, खाप्रा नावाच्या किडीमुळे. उकडे तांदूळ ह्यूस्टनच्या दुकानांत मिळतात, बहिणीला सांगा. सोलां, लोणची, सुकी मासळी अमेरिकेत उतरल्यावर कस्टमला जाहीर करा, लपवाछपवी नको. किराणा मिडलंडलाच भरा, टर्लिंग्वात छोटी दुकानं आहेत पण आत्याबाईंचं पथ्य तिथे सांभाळलं जाणार नाही.

रानवाटा

सुका बांगडा!! अहो, चिसोसमध्ये काळी अस्वलं आहेत. मधल्या काळात ती तिथून नाहीशीच झाली होती, ऐंशीच्या दशकात मेक्सिकोच्या डोंगरांतून चालत परत आली. कॅम्पांवर आणि वाटांच्या तोंडाशी लोखंडी पेट्या ठेवलेल्या असतात, वासाचं सगळं, अगदी टूथपेस्टसुद्धा, त्यात ठेवायचं असतं. बांगडा टर्लिंग्वाच्या घरात दारं लावून भाजा आणि पार्कात नेऊ नका.

वाळवंटीकाठचा

हे काकांना वाचून दाखवलं. म्हणाले, अस्वलाला कळतं तर आत्याला का कळत नाही?

तर ठरत आलंय ते असं: ३० ते ४ टर्लिंग्वा, शेजारी शेजारी दोन घरं, संडास आतला. ज्येष्ठ मंडळी मिडलंडपर्यंत विमानानं, भावोजी किराणा आणि कुकर घेऊन गाडीनं. या आठवड्यात व्हिसाचे फॉर्म. मिडलंडहून बारा सीटर व्हॅन घ्यावी की दोन सात सीटर? मी आणि भाऊ दोघंही चालवू. मी म्हापशाहून इंटरनॅशनल परमिट काढणार आहे.

टेक्सासवहिनी

दोन गाड्या. एक बिघडली तर दुसरी असते, आणि दुपारी दमलेल्यांना घरी सोडून बाकीच्यांना पुढे जाता येतं. टाकी अर्ध्यावर आली की भरायची, आणि नकाशे मिडलंडला असतानाच फोनवर उतरवून ठेवा. अंधार पडल्यावर गाडी हळू, हरणं आणि रानडुकरांसारखे जावेलिना रस्त्यावर येतात.