वाळवंटातील घर, अंगणाचे कुंपण आणि वन्यप्राणी : आपले अनुभव लिहावेत

अमेरिकेतील अ‍ॅरिझोना राज्याच्या सोनोरन वाळवंटात फिनिक्स आणि टुसान ही शहरे पसरत गेली, तसतशी नवी घरे हावेलिना, कोयोटी (लांडग्यासारखे, पण आकाराने लहान प्राणी), ससे आणि रॅटलसाप (शेपटी खुळखुळवणारे विषारी साप) यांच्या वावरातच उभी राहिली. तेथे राहणाऱ्या आपल्या मंडळींनी कोणते कुंपण घातले आणि त्याचा कितपत उपयोग झाला, हे सविस्तर लिहावे, ही विनंती.

टुसान, डोंगरपायथा :
आमच्याकडे त्रास हावेलिनांचा. वीस-पंचवीस किलोचा, दिसायला रानडुकरासारखा हा प्राणी कळपाने येतो, आणि उंच उडी मारण्यापेक्षा जाळीखाली नाक घालून ती उचकटणे त्याला सोपे जाते. त्यामुळे कुंपणाची उंची वाढवण्याऐवजी आम्ही सारे लक्ष त्याच्या तळाकडे दिले. जाळी जमिनीत पुरायला घेतली, तर वीतभर खाली चुनखडीचा असा कठीण थर लागला की पहारीच्या घावाने नुसती पांढरी भुकटी उडत होती. तिथे खोदणे सोडून जाळीचा खालचा भाग बाहेरच्या बाजूला जमिनीलगत दुमडला आणि त्यावर जड दगड रचले. शिवाय भाजीच्या वाफ्याभोवती जमिनीपासून आठ-दहा इंचांवर विजेची एकच तार ओढली. तेव्हापासून दुधी-भोपळ्याचे वेल शाबूत आहेत. उरलेले आवार मात्र मोकळेच ठेवले आहे, कारण तेथील फड्या निवडुंग हे त्यांचे हक्काचे खाणे आहे आणि त्यावर आमचा काहीच आक्षेप नाही.

स्कॉट्सडेल, फिनिक्सजवळ :
घरात लहान कुत्रा असल्यामुळे आम्हाला कोयोटींची धास्ती होती. सहा फुटी भिंतही ते चढून येऊ शकतात, म्हणून भिंतीच्या माथ्यावर फिरते रूळ बसवले, ज्यांवर त्यांचे पंजे टिकत नाहीत. बॉबकॅट या रानमांजराला मात्र अशी भिंत अडवू शकत नाही, त्यामुळे कुत्र्याला अंगणात एकटे सोडत नाही.

फिनिक्सच्या उत्तरेस :
सापांसाठी पाव इंची छिद्रांची जाळी लागते. सशांची एक इंची जाळी लहान रॅटलसापाला सहज पार करता येते. आम्ही मुलांच्या खेळण्याच्या जागेभोवती तीन फूट उंच बारीक जाळी लावली, तिची खालची कड मातीत पुरली आणि फाटकाखालच्या फटीला रबरी पट्टी बसवली. संपूर्ण आवार बंद करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे, कारण वाळवंटी कासवांनाही येण्याजाण्यास वाट हवी. ब्लॉकच्या भिंतीत पाणी जाण्यासाठी ठेवलेल्या भोकांनाही जाळी हवीच. परंतु मॉन्सूनच्या सरींत तिला काटक्या आणि गाळ अडकून अंगणात पाणी तुंबते, म्हणून आमची जाळी आम्ही काढता-घालता येईल अशा चौकटीत बसवून घेतली आहे.