इन्सुलिन रिसेप्टरची अँटिबॉडी: दोनच कुप्यांचे पैसे आहेत, कोणत्या घेऊ?

एमफार्म_सोलापूर:
नमस्कार. मी सोलापुरात एम. फार्म. करतेय. स्ट्रेप्टोझोटोसिनने मधुमेह केलेल्या रॅट्सना मेथीचा अर्क द्यायचा, असा विषय आहे. अर्काने साखर उतरते हे दाखवणारे प्रबंध आमच्या लायब्ररीत कपाटभर आहेत. मला त्याच्या पुढे जायचंय, खुद्द रिसेप्टरवर (पेशीवरच्या, इन्सुलिन धरणाऱ्या प्रथिनावर) काही घडतं का ते पाहायचंय. सरांनी अँटिबॉडीच्या (ठरावीक प्रथिनाला चिकटून ते दाखवणाऱ्या प्रथिनाच्या) दोन कुप्यांना होकार दिलाय. यादीत अल्फा, बीटा, फॉस्फो ११५०/११५१ आणि फॉस्फो ११६२/११६३ अशा चार दिसतात. काम लिव्हरवर करू की एल-सिक्स पेशींवर (रॅटच्या स्नायूंच्या, प्रयोगशाळेत वाढवलेल्या)? आणि मे महिन्यात इथे पारा चाळिशीपार असतो, तेव्हा मागवणं बरोबर आहे का?

ब्लॉटवाली_ताई:
अगं, मीही सोलापूरचीच, अक्कलकोट रोडची. आता पुण्यात रोज वेस्टर्न ब्लॉट करते (प्रथिनं आकारानुसार वेगळी करून अँटिबॉडीने ओळखायची पद्धत). तुझा प्रश्न वाचून फार बरं वाटलं.

अल्फा सोड. रिसेप्टरची ती साखळी पेशीच्या बाहेर असते, इन्सुलिन तिलाच चिकटतं. पण रिसेप्टर जागा झाला की फॉस्फेट लागतो तो बीटा साखळीच्या आतल्या भागावर. म्हणून एक कुपी एकूण बीटाची घे (पट्टा ९५ किलोडाल्टनच्या आसपास; २०० जवळ दिसला तर तो बहुधा न कापलेला पूर्वरूप रिसेप्टर) आणि दुसरी फॉस्फोची, म्हणजे फॉस्फेट लागलेल्या बीटालाच धरणारी. ११५०/११५१ आणि ११६२/११६३ (साखळीतल्या अमिनो आम्लांचे क्रमांक) या जागा एकच आहेत. १९८५ मध्ये दोन गटांनी या रिसेप्टरचा क्रम छापला, त्यांतल्या एकात १२ अमिनो आम्लं जास्त होती, तेवढाच आकड्यांचा फरक. दोन्हींवर पैसे घालू नकोस. माहितीपत्रकात 'रॅट' लिहिलंय ना, हे मात्र डोळ्यांनी बघ. ८३-१४ सारख्या नावाजलेल्या क्लोनचा (अँटिबॉडीच्या वाणाचा) माणसाच्या रिसेप्टरवर उपयोग होतो, तुझ्या रॅटवर नाही.

खरी अडचण आयजीएफ-१ रिसेप्टरची (इन्सुलिनसारख्याच एका वाढ-संप्रेरकाचा, याच्याशी मिळताजुळता रिसेप्टर). या जागेभोवतीचा क्रम दोघांत इतका सारखा आहे की फॉस्फो अँटिबॉडी बहुतेकदा दोघांनाही धरते. एल-सिक्समध्ये तो रिसेप्टर भरपूर असतो, मोठ्या रॅटच्या लिव्हर पेशींत जवळजवळ नसतो. म्हणून लिव्हरच घे.

आणखी एक, हे कुणी सांगत नाही म्हणून जोर देऊन सांगते. स्ट्रेप्टोझोटोसिनने स्वादुपिंडातल्या, इन्सुलिन बनवणाऱ्या बीटा पेशीच मरतात, म्हणजे प्राण्यात इन्सुलिन उरतंच किती? बाहेरून इन्सुलिन न देता लिव्हर काढलंस तर फॉस्फोच्या ब्लॉटवरचे सगळे पट्टे फिके येतील आणि अर्काला विनाकारण दोष लागेल. प्रत्येक गटात इन्सुलिन दिलेले आणि न दिलेले, असे दोन्ही प्राणी ठेव. शिरेतून इन्सुलिन दिल्यावर एक-दोन मिनिटांतच लिव्हर काढायचं असतं. प्राणी-नीतिसमितीच्या अर्जात हे आत्ताच लिही.

ब्लॉकिंगला (ब्लॉटवरच्या रिकाम्या जागा आधी झाकायला) दूध पावडर नको, त्यातलं केसीन स्वतःच फॉस्फोप्रोटीन आहे. बीएसए (गाईच्या रक्तातलं अल्ब्युमिन) वापर. लायसिस बफरमध्ये (पेशी फोडायच्या द्रावणात) ऑर्थोव्हॅनाडेट हवाच, नाहीतर फॉस्फेट निघून जातो.

मोहोळचा_पशुवैद्य:
लिव्हर लगेच गोठवायला द्रव नायट्रोजन लागेल ना? कृत्रिम रेतनाच्या कांड्या आम्ही त्यातच ठेवतो. तुमच्या सरांना जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात पत्र घेऊन पाठवा, कंटेनर स्वतःचा न्या.

एमफार्म_सोलापूर:
ताई, इन्सुलिनचा मुद्दा माझ्या आराखड्यात नव्हताच, आजच घालते. डॉक्टर, खूप आभार. पण उन्हाचं काय?

ब्लॉटवाली_ताई:
अँटिबॉडी बर्फाच्या पिशव्यांत येते, बिघडत नाही. सोमवारी निघेल असं सांग, म्हणजे रविवारी कुरिअरच्या गोदामात पडून राहणार नाही. आली की आधी पत्रक वाच: ग्लिसरॉल असेल तर उणे २० ला तशीच ठेव, नसेल तर छोटे भाग करून गोठव. १:१००० इतकी पातळ करायला १० मिलिलिटरमागे १० मायक्रोलिटरच लागतात. पहिला ब्लॉट इन्सुलिन दिलेल्या साध्या रॅटच्या लिव्हरचा लाव. त्यात पट्टा उजळला तरच अर्काच्या नमुन्यांना हात लाव.